वाचकांचे प्रश्न : पायडलची कयाक निवडताना

प्रश्न : गळाने मासेमारी करण्यासाठी पायडलची कयाक, म्हणजे पायांनी चालवायची लहान अरुंद होडी, घ्यायची आहे. पात्यांची घ्यावी की प्रोपेलरची?

उत्तर : आपण कोणत्या पाण्यात मासेमारी करता, यावर हे अवलंबून आहे. होबी या कयाक बनवणाऱ्या कंपनीने १९९७ साली आणलेल्या मिराज ड्राइव्ह या पात्यांच्या यंत्रणेत पाय आळीपाळीने पुढे ढकलले की तळाखालची दोन लवचिक पाती पेंग्विनच्या पंखांसारखी हलतात, आणि पाणी उथळ झाल्यास एक पायडल पूर्ण पुढे दाबून ती तळाला टेकवता येतात. म्हणून उथळ काठाने फिरणाऱ्यांना मी हीच सुचवीन. प्रोपेलरला अधिक खोली लागते व त्यात पाणवनस्पती गुंडाळतात. मात्र उलटे पायडल मारताच कयाक मागे सरकते. गळाला लागलेला मासा बुडालेल्या फांद्यांकडे धावू लागला, की हातातली काठी न सोडता मागे हटता येणे फार मोलाचे ठरते.

वजनाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. सामानासह अशी कयाक ४० किलोंच्या पुढे सहज जाते, तेव्हा विकत घेण्यापूर्वी ती स्वतः उचलून गाडीवर चढवून पाहा. यंत्रणा अडकल्यास परतण्यासाठी वल्हे जवळ ठेवावे, आणि लाइफ जॅकेट कायम अंगावरच असावे.