पीसीडी तोच आहे, मग ७ जे ईटी ३५ अलॉय माझ्या गाडीला चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीला कंपनीचे १५ इंची, ६ जे (रुंदी, इंचांत), ईटी ४५ (ऑफसेट, मिमीत) रिम आहेत आणि टायर १८५/६५ आर१५. म्हापशातल्या दुकानात १६ इंची, ७ जे, ईटी ३५ अलॉय दाखवले, त्यावर १९५/५५ आर१६ टायर. दुकानदार म्हणतो, "पीसीडी तोच, आरामात बसतात." (पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास.) ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग म्हणजे काय आणि हे रिम घ्यावेत का?

आधी उत्तर देतो. हे घेऊ नका. बसतील, यात तो खोटं बोलत नाही. टायरची उंचीही त्याने बरोबर धरली आहे, जुनं आणि नवं दोन्ही चाक साधारण ६२१ मिमी व्यासाचं भरतं, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडणार नाही. पण पीसीडी जुळला म्हणजे फक्त बोल्टची भोकं जुळली. चाक मडगार्डखाली नेमकं कुठे उभं राहील ते ऑफसेटवर ठरतं.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ गेली आहे असं समजा. रिमची जी सपाट जागा हबला (चाक जिथे बोल्टने आवळतात त्या भागाला) टेकते, ती या रेघेपासून जितके मिलिमीटर सरकलेली असते तो ऑफसेट. ही जागा रस्त्याच्या बाजूला सरकलेली असेल तर ऑफसेट धन, गाडीच्या आतल्या बाजूला असेल तर ऋण, मधोमध असेल तर शून्य. घोटाळा इथेच होतो. टेकायची जागा जितकी बाहेर, तितकं बाकीचं चाक आत जातं. म्हणून ईटीचा आकडा मोठा असला की चाक आत आणि लहान असला की चाक बाहेर, एवढं पक्कं लक्षात ठेवा. ईटी हे एका जर्मन शब्दाचं लघुरूप आहे, ते बहुधा रिमच्या मागच्या बाजूला स्पोकवर ओतलेलं किंवा ठोकलेलं असतं.

बॅकस्पेसिंग म्हणजे हबला टेकणाऱ्या त्या जागेपासून रिमच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर. ऑफसेटवरून चाक मध्यापासून किती सरकलं ते कळतं, बॅकस्पेसिंगवरून आत सस्पेन्शनच्या स्ट्रट-स्प्रिंगच्या दिशेला रिम किती गेला ते कळतं. घरी मोजायलाही हेच सोपं. रिम तोंड खाली करून गोणपाटावर ठेवा, आतल्या काठावर आडवी सरळ पट्टी टाका आणि पट्टीपासून टेकण्याच्या जागेपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. टायर चढवलेला असेल तर पट्टी टायरच्या फुगवट्यावर टेकू देऊ नका, नाहीतर माप जास्त येतं.

आता तुमचे आकडे. ६ जे म्हणजे टायर बसतो तिथली रुंदी ६ इंच. दोन्ही काठ धरून रिम साधारण ७ इंच, म्हणजे १७७.८ मिमी भरतो. त्याच्या अर्ध्यात, ८८.९ मध्ये, ४५ मिळवा: बॅकस्पेसिंग १३३.९ मिमी, सव्वापाच इंचांच्या किंचित वर. नव्या रिमची पूर्ण रुंदी ८ इंच, अर्धी १०१.६, अधिक ३५, म्हणजे १३६.६. आतल्या बाजूला फरक २.७ मिमीचाच पडला, तिथे फारशी अडचण नाही. बाहेरच्या बाजूला जुना रिम ८८.९ वजा ४५, म्हणजे ४३.९, नवा १०१.६ वजा ३५, म्हणजे ६६.६. चाकाचा बाहेरचा काठ २२.७ मिमी बाहेर आला. पाव इंच नव्हे, जवळजवळ एक इंच!

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे, मापं घेणं माझं रोजचं काम. तरीही काही वर्षांपूर्वी हेच आकडे असलेले जुने अलॉय मी न मोजता घेतले होते. रिकाम्या गाडीत सगळं ठीक वाटलं. मग चवथीच्या आदल्या दिवशी घरची पाच माणसं, डिकीत माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं) सामान आणि नारळ, असे डिचोलीला निघालो. पहिल्याच खड्ड्याला मागून खर्र असा आवाज आला. घरी पोचून बघतो तर मडगार्डच्या पत्र्याच्या कडेने टायरच्या खांद्यावर गोल चीर ओढलेली. गॅरेजवाल्याने पत्र्याची कड आत वळवून दिली, तिथला रंग तडकला आणि समुद्राच्या हवेने दोन पावसाळ्यांत गंज धरला. शिवाय चाक मडगार्डच्या बाहेर असल्यामुळे तांबडी माती दारांवर पार आरशापर्यंत उडायची. त्या गाडीत माझी आई बसली होती आणि तो टायर हायवेवर फुटू शकला असता, हे आजही मला डाचतं. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

घासणं निदान ऐकू तरी येतं. दुसरं नुकसान आवाज करत नाही. चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो. स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष खाली जमिनीला एका ठिकाणी मिळतो. त्या ठिकाणापासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर कंपनीने विचार करून ठरवलेलं असतं. ऑफसेट १० मिमीने कमी केला की तेही साधारण तितकंच बदलतं. मग एक चाक खड्ड्यात किंवा साचलेल्या पाण्यात गेलं की स्टिअरिंग हाताला झटका देतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात हे रोजचंच आहे. आणि स्पेसर लावून काम भागवू, असं कुणी सुचवलं तर तेही हेच: ईटी ४५ च्या मागे १० मिमीचा स्पेसर घातला की ते ईटी ३५ च झालं.

१६ इंचच हवे असतील तर ६.५ जे, ईटी ४२ ते ४५ या टप्प्यात शोधा. ६.५ जे ईटी ४२ ला बाहेर ९.४ आणि आत ३.४ मिमी इतकाच फरक पडतो, बहुतेक मडगार्ड तेवढं सामावून घेतात. तुमच्या गाडीत जागा किती आहे ते बघायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. तो मडगार्डच्या कडेला चाकाच्या मधोमध सोडा आणि दोरीपासून रिमच्या काठापर्यंत मोजा. टायरचा फुगवटा वेगळा मोजा, कारण वरचा हिशोब रिमच्या काठाचा आहे. १९५/५५ ला ७ जे ही रुंदीची वरची मर्यादा आहे, त्यावर टायर ताणून बसतो आणि खड्ड्यात रिमचा काठ उघडा पडतो. ६.५ घेण्याचं हे आणखी एक कारण.

मधलं भोकही विचारा. हबपेक्षा लहान असेल तर रिम बसणारच नाही, मोठं असेल तर मापाची रिंग घालून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते. बोल्टची बैठक शंकूची की गोल, तेही जुन्याशी जुळलं पाहिजे. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

पैसे देण्याआधी एक रिम टायरसकट पुढे लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. मग तोच मागे लावा, मागच्या सीटवर तीन धडधाकट माणसं बसवा आणि गाडी गतिरोधकावरून सावकाश न्या. चोर्ला घाटाच्या वळणांवर पूर्ण स्टिअरिंग आणि पूर्ण वजन एकदमच येतं, ते दुकानाच्या दारात कळणार नाही. चारही बसवल्यावर ५० ते १०० किमी चालवून बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.