आरटीईतून मोठ्या शाळेत गेलेल्या मुलीला श्रीमंत मैत्रिणींमुळे न्यूनगंड येईल का?

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, सोडतीत नंबर लागला म्हणून आनंद आहे, पण बंगल्यांतल्या मुलींमध्ये आपली मुलगी स्वतःला कमी समजू लागेल, ही तुमची धास्ती. मी पुण्यातल्या एका इंग्रजी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. या कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के कोट्यातली मुलं रोज समोर असतात.

पहिली-दुसरीत कुणाचे वडील काय करतात याचं मुलांना सोयरसुतक नसतं. त्रास सुरू होतो पाचवी-सहावीत, आणि बहुतेकदा वाढदिवसांपासून. पार्टीला गेलं की परत बोलवावं लागतं, घर तर एका खोलीचं. मग मुली वाटा काढतात. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा 'ट्रॅव्हल्सचा बिझनेस' होतो. व्हॅनवाल्या काकांना वस्तीच्या अलीकडच्या चौकातच थांबायला सांगतात. पालकसभेला आईऐवजी कॉलेजात जाणारी मावशी हवी असते. आणि गल्लीत पाऊल टाकलं की तिथल्या जुन्या मैत्रिणी म्हणतात, "आल्या इंग्लिश मॅडम!" दोन्हीकडे थोडं थोडं परकं. मुलगी असं काही बोलली तर खोटारडी म्हणून रागावू नका. त्या वयात मैत्रिणी जे म्हणतील तेच आपण, असं वाटत असतं.

बदल श्रीमंत मुलांतही होतो. २००७ मध्ये दिल्लीत सरकारी जमीन सवलतीत मिळालेल्या खासगी शाळांना २० टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवाव्या लागल्या. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी त्याचा अभ्यास केला. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितल्यावर, ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्या श्रीमंत मुलांमध्ये वेगाने पळणाऱ्या गरीब मुलाला डावलण्याचं प्रमाण कमी होतं. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या अक्षरावरून पडायचे. गरीब मुलगा आपल्याच गटात आला, तर परिणाम जास्त दिसला. म्हणून मीही गट हजेरीपटाच्या क्रमानेच पाडते. मुलांवर सोडलं की सोसायटीवाले एकीकडे, व्हॅनवाले दुसरीकडे. मात्र ज्या मुलीने शेजारणीला अपूर्णांक समजावले, तिला नंतर कुणी 'आरटीईवाली' म्हणत नाही, नावाने हाक मारतात. (हा शब्द मुलांपेक्षा आमच्या स्टाफरूममध्येच जास्त ऐकू येतो, हेही सांगून टाकते.) तेव्हा शाळेत भेटाल तेव्हा मुलगी कुठल्या बाकावर बसते ते नका विचारू, प्रोजेक्टचे गट कसे पाडतात ते विचारा. वाढदिवसाला दोनच मैत्रिणी घरी बोलवा, पोहे करा. आल्या तर त्या टिकतील.

मला खरी चिंता वाटते ती आठवीनंतरची. २००९च्या या शिक्षण हक्क कायद्याने मोफत शिक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. नववीपासून पूर्ण फी पालकांवर येते आणि पुष्कळ मुलं शाळा बदलतात. मैत्री घट्ट व्हायच्या नेमक्या वयात तुटते. फी किती, सवलत मिळते का, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा. सातवीत विचारणाऱ्या पालकांच्या हातात फार वेळ उरत नाही.