जुन्या दूरदर्शन मालिकांतल्या कलाकारांना कुठे भेटावं आणि त्यांची स्वाक्षरी कशी मागावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे कलाकार भेटतात कुठे, आणि सही मागितलेली त्यांना आवडते का. आवडते, फक्त वेळ बघून मागायला हवी. मी कॉलेजात असल्यापासून सह्या जमवते आहे, त्या अनुभवावरून सांगते.

भेटायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे नाट्यगृह. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा मराठी कार्यक्रमांना नट मिळाले ते मुख्यतः रंगभूमीवरून. ‘चिमणराव’मधले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे, दोघेही नाटकातलेच. पुढे झी टीव्हीवरच्या ‘हम पांच’मुळे देशभर पोचलेले अशोक सराफ त्यानंतरही ‘व्हॅक्यूम क्लीनर’सारख्या नाटकात उभे राहिले. आणि प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांनी आत जाऊन कलाकारांना भेटायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दादरचं शिवाजी मंदिर असो, ठाण्याचं गडकरी रंगायतन असो की पुण्याचं बालगंधर्व, दारावरच्या माणसाला नीट विचारलं की सहसा आत सोडतात.

मध्यंतरात मात्र जाऊ नका. कपडे बदलायचे असतात, मेकअप सावरायचा असतो, पुढच्या अंकाची तयारी डोक्यात असते. प्रयोग दुपारचा असेल तर वर्तमानपत्रातली नाटकांची जाहिरात बघा. त्याच नाटकाचा रात्री दुसरीकडे प्रयोग असेल तर पडदा पडताच सेट टेम्पोत चढायला लागतो आणि मंडळी घाईत असतात. त्या दिवशी एकच प्रयोग असेल, तर तो गाठा.

आत गेल्यावर सगळी गर्दी मुख्य नटाभोवती असते. तुम्हाला हवा असलेला जुना कलाकार पुष्कळदा कोपऱ्यात शांतपणे मेकअप उतरवत बसलेला असतो. अशाच एका ज्येष्ठ अभिनेत्रीला मी त्यांच्या जुन्या मालिकेतल्या एका प्रसंगाबद्दल विचारलं. त्यांनी शेजारच्या तरुण मुलीला हाक मारली, ‘अगं, ऐक ही काय विचारतेय!’ आणि तो प्रसंग कसा बसवला होता ते उठून करूनच दाखवलं. म्हणून सही शेवटी मागा. आधी त्यांच्या कामाबद्दल बोला, आणि नेमकं बोला. ‘तुमचं काम फार आवडतं’ हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. अमुक भागातलं तुमचं ते रडू अजून आठवतं, असं सांगितलंत की चेहरा बदलतो.

त्यांनी जे सांगितलं ते घरी येऊन सहीसमोरच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. ही गोष्ट मला सहीइतकीच महत्त्वाची वाटते. त्या काळी टेप महाग होत्या, एकाच टेपवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग होई, त्यामुळे सुरुवातीच्या काळातलं कितीतरी काम पुसलं गेलं. ते काम कसं झालं हे आता फक्त करणाऱ्यांनाच ठाऊक आहे, आणि ती पिढी थकली आहे. बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. तेव्हा ‘पुढच्या वेळी भेटू’ असं म्हणू नका.

वही साध्या, जाड, कोऱ्या कागदाची घ्या. त्यावर बॉलपेन उत्तम. चकचकीत फोटोवर बॉलपेन उठत नाही, तिथे परमनंट मार्कर लागतो, आणि सही वाळेपर्यंत फोटोवर काही टेकवायचं नाही. लॅमिनेशन करू नका, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. इंटरनेटवर विकायला असलेल्या सह्या मी घेत नाही. खरी की खोटी कळायला मार्ग नसतो, शिवाय भेटच झाली नाही तर त्या सहीचं मी काय करू?

तुमच्या गावात नाटकं येत नसतील तर पत्र लिहा. कलाकाराचं पुस्तक निघालं असेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर, नाहीतर नाट्यसंस्थेच्या पत्त्यावर पाठवा. आत तुमचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आणि सहीसाठी एक कोरं कार्ड ठेवा. पत्र हाताने लिहा, एका पानात संपवा. प्रत्येकाचं उत्तर येत नाही. पण मला आलेल्या काही उत्तरांत सहीबरोबर चार ओळीही होत्या.