सातवी-आठवीच्या मुलांना प्राणीगणनेचं गणित खेळातून कसं शिकवावं?

सोलापुरातल्या शाळेत, प्रयोगशाळा नसताना आणि एका तासात बसेल असा खेळ तुम्ही विचारलाय. त्यासाठी चवळीचा खेळ घ्या: दाणा म्हणजे प्राणी, पिशवी म्हणजे जंगल, आणि ठिपका म्हणजे एकदा पकडून सोडलेल्या प्राण्यावरची खूण.

चार-पाच मुलांच्या गटाला एक जाड कापडी पिशवी आणि पांढरी चवळी द्या. दाणे साधारण 200 असावेत, पण आकडा फक्त तुम्हाला माहीत हवा. मुलांनी न बघता 40 दाणे काढायचे, कायम शाईच्या मार्करने प्रत्येकावर दोन्ही बाजूंनी ठिपका द्यायचा आणि पिशवीत परत टाकायचे. पिशवी नीट हलवून पुन्हा 40 काढायचे. त्यात 8 ठिपकेवाले निघाले तर पहिल्या खेपेचे 40 गुणिले दुसऱ्या खेपेचे 40 भागिले ठिपकेवाले 8, म्हणजे अंदाज 200.

स्केचपेन वापरू नका, शाई बोटांना लागून ठिपका जातो. नेलपॉलिशने दाणा हाताला वेगळा लागू शकतो आणि मुलं तो नकळत चाचपून उचलतात. पिशवी फार भरली तर दाणे नीट मिसळत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या खेपेला एका गटाला 5 ठिपकेवाले मिळतील, दुसऱ्याला 11. अंदाज येतील 320 आणि 145. अशा अंदाजांची सरासरी काढू देऊ नका, ती 233च्या आसपास जाते. दोन्ही गटांचे दाणे एकत्र धरा: दुसऱ्या खेपेच्या 80 दाण्यांत 16 ठिपकेवाले, म्हणजे 40 गुणिले 80 भागिले 16, उत्तर 200. हा फरक फळ्यावर सावकाश मांडा, घाई करू नका.

मग मुद्दाम खेळ बिघडवा. मुलांना न सांगता 10 ठिपकेवाले दाणे बदलून साधे टाका, म्हणजे खुणा गळून पडल्या. अंदाज फुगतो. तो का फुगला हे मुलांनाच शोधू द्या. माझ्या मते पूर्ण तासातला सर्वांत मोलाचा भाग हाच. एकदा पिंजऱ्यात सापडलेला प्राणी पुढे पिंजरा टाळू लागला तरी हेच होतं. उलट खाऊच्या लोभाने तो पुन्हापुन्हा आला, तर अंदाज कमी येतो.

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याला मात्र हे गणित लावायला सांगू नका. तिथे पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. इतक्या थोड्यांत खूण केलेला एक कमी-जास्त सापडला तरी उत्तर पार बदलतं. वाघाचं उदाहरण चालेल: त्याचे पट्टे हीच खूण, आणि कॅमेऱ्यातला फोटो हीच पकड.