ठेला, नोटीस आणि महिला मंडळाचं रजिस्टर

ह्या वेळी इंदूरच्या बस्त्यांमधून आणि कॉलन्यांमधून खूप प्रश्न आलेत, सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. सारखे सारखे येणारे घेतलेत.

प्रश्न : आमच्या बस्तीत आम्ही दहा-बारा बायका नळ, रेशन, दारूचा अड्डा अशा गोष्टींसाठी एकत्र येतो. पार्षद (नगरसेवक) म्हणतात आधी संस्था रजिस्टर करा, मग बोलायला या. करावीच लागते का? (मालवा मिल भागातल्या एक ताई)

अजिबात नाही हो ताई. पार्षदांनी टोलवलंय तुम्हाला, बाकी काही नाही. एकत्र येऊन गट करणं हा घटनेच्या कलम 19 मधला हक्क आहे, त्याला कुणाचा शिक्का लागत नाही, आणि नळाला पाणी येत नाही हे सांगायला तर एकटी बाई पण पुरते. रजिस्ट्रेशनचा विचार करायचा तो पैसा यायला लागला की, म्हणजे संस्थेच्या नावाने बँकेत खातं, देणगीची पावती, सरकारी अनुदान असं काही असेल तेव्हा. आपल्याकडे त्यासाठी 1973 चा मध्यप्रदेशचा सोसायटी कायदा आहे, सात जण लागतात. पण एकदा केलं की दर वर्षी कार्यकारिणीची यादी द्या, ऑडिट करा, आणि मी अशी कितीतरी मंडळं बघितलीयत ज्यांची अर्धी ताकद त्या फायलीतच जाते आणि नळ तिथल्या तिथे.

सध्या एक जाड रजिस्टर घ्या. तारीख, कोण कोण आलं त्यांची सही नाहीतर अंगठा, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटचे दोन रकाने सगळे विसरतात, नुसतं "अर्ज द्यायचं ठरलं" लिहितात आणि मग महिनाभर सगळ्या जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात. अर्ज दिला की आपल्या कॉपीवर आवकचा नंबर आणि शिक्का घ्यायचा, ती कॉपी त्याच पानावर चिकटवायची. आणि हो, रजिस्टर अध्यक्षीणबाईंच्या कपाटात कुलपात नाही ठेवायचं, दर महिन्याला वेगळ्या घरी. जिच्या घरी ते असतं ती मीटिंगला येतेच येते.

प्रश्न : आई भाजीचा ठेला लावते. नगर निगमची गाडी येऊन ठेला, तराजू उचलून नेतील ही रोजची भीती. कायदा काही मदत करतो का, की संघटनाच करावी लागेल? (पाटनीपुऱ्याहून, कॉलेजमध्ये शिकणारा मुलगा)

दोन्ही लागेल बाळा, आणि कायदा तुला वाटतो त्यापेक्षा बराच बरा आहे, फक्त ठेलेवाल्यांना तो कुणी सांगत नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा. त्यात लिहिलंय की शहरातल्या विक्रेत्यांचा सर्व्हे पूर्ण होऊन सगळ्यांना वेंडिंग सर्टिफिकेट, म्हणजे विक्रीचा परवाना, मिळेपर्यंत कुणालाच हटवायचं नाही, आणि हा सर्व्हे पाच वर्षांतून एकदा तरी व्हायलाच हवा. नंतर हटवायचं असेल तरी 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी करून सही केलेली कॉपी हातात द्यावी लागते, दंड भरून माल मागितला की भाजीसारखा नासणारा माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत.

म्हणजे गाडी आली की आरडाओरडा न करता एकच वाक्य म्हणायचं, "साहब, लिस्ट बनाके दो". ते एकट्या आईने म्हटलं तर कुणी ऐकणार नाही हे मला माहितीये, पण आजूबाजूचे पंधरा ठेलेवाले येऊन उभे राहिले आणि सगळ्यांनी तेच म्हटलं, एखाद्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला, तर बरेचदा तिथेच गोष्ट मिटते. संघटना म्हणतात ती ह्यासाठी लागते, बॅनर आणि लेटरहेडसाठी नाही.

आता मोठी गोष्ट. ह्याच कायद्यात टाउन वेंडिंग कमिटी आहे, तिच्यात कमीत कमी 40 टक्के लोक विक्रेत्यांनी निवडून दिलेले पाहिजेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. ठेला कुठे लागणार, कुठे नाही, ह्यात ह्या कमिटीचं म्हणणं घ्यावं लागतं. तर तू एक काम कर, माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून विचार की कमिटीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी कोण, निवडणूक कधी झाली, शेवटच्या दोन मीटिंगचं कार्यवृत्त द्या. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. तू कॉलेजात आहेस, लिहिता येतं, हे काम तूच करायचं, पण सही आईची. प्रश्न तिचा आहे, उद्या सुनावणीला तीच बोलेल.

प्रश्न : नाल्याकाठी आमची वीस-पंचवीस वर्षांची घरं आहेत. आता नोटीस लागली. सुप्रीम कोर्टाने बुलडोझरवर बंदी घातली ना?

बंदी नाही घातली, आणि हा गैरसमज फार महागात पडतोय म्हणून स्पष्टच लिहिते. 13 नोव्हेंबर 2024 च्या त्या निकालात पाडण्याआधी 15 दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणासकट आदेश हे सगळं सक्तीचं केलंय खरं, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईनीला लागून, नदी किंवा जलाशय अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला तो लागू नाही असंही त्यातच म्हटलंय. कान्ह नदी किंवा तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठी घर असेल तर समोरचा वकील पहिलं हेच वाक्य वाचणार.

मग तुमच्या हातात काय? एक तर 1984 चा आपल्या राज्याचा पट्टा कायदा, शहरातल्या भूमिहीनांना राहत्या जागेचा पट्टा, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क, देणारा. त्याची कट-ऑफ तारीख वेळोवेळी पुढे सरकत आलीये, सध्याची कोणती ते विचारून घ्या, आणि त्या तारखेआधीपासून राहतो हे दाखवणारे कागद प्रत्येक घराने आजच गोळा करा. जुनं वीज बिल, मतदार यादीतलं नाव, रेशन कार्ड, समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख नंबर), मुलांच्या शाळेतल्या दाखल्यावरचा पत्ता. एका घराचा कागद कमी असला तर शेजारच्याची साक्ष. दुसरं, पुनर्वसनाची मागणी लेखी करा, आणि जागा कुठे देतात ते बघितल्याशिवाय सही करू नका, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाईला शहराबाहेरचा फ्लॅट म्हणजे रोजचं बसभाडं आणि दोन घरची कामं सुटणं. वकिलाचे पैसे नसतील तर विधिक सेवा प्राधिकरणात जा, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन 15100.

प्रश्न : आम्ही लोकमान्य नगरातले काही रिटायर्ड लोक बस्तीत काम करू इच्छितो. दोनदा सभा घेतली, कुणी फिरकलं नाही. लोकांनाच नको असेल तर काय करणार? (एक काका)

काका, रागावू नका, पण सभा संध्याकाळी सहाला ठेवली होती ना? त्या वेळी बायका दुसऱ्या पाळीच्या कामावर असतात, पुरुष मजुरीवरून येत असतात. दुपारी दोन ते चार बघा, आणि हॉलमध्ये नाही, त्यांच्या ओट्यावर. आपल्या मराठी मंडळींना सभा म्हटलं की दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, आभार प्रदर्शन हे सगळं लागतंच, त्यात तासभर जातो आणि ज्यांच्यासाठी सभा ते मागे सतरंजीवर जांभया देतात. पहिल्या चार वेळा नुसतं जाऊन ऐका. कपडे वाटू नका, एकदा वाटलेत की तुम्ही कपडेवालेच होता. त्यापेक्षा तुमच्यातले बँकवाले, ऑफिसवाले जे काही आहेत त्यांनी फॉर्म भरायला बसावं, ह्याची गरज इतकी आहे की तुम्हाला उठू देणार नाहीत.

आणि घाई नको. आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल, ती कापडाची गिरणी, नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली, कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटींचा चेक निघाला 2023 च्या डिसेंबरात. तोवर किती जण गेले, पैसे घ्यायला त्यांच्या बायका-मुलं राहिली. ते लोक तीस वर्ष कोर्टात टिकले, आपण दोन सभांत कंटाळतो.

प्रश्न : 181 वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार केली की फोन येतो, "बंद करवा दो, काम हो जाएगा". काय करावं?

काम झाल्याशिवाय हो म्हणायचं नाही, एवढंच. तुम्ही समाधानी नाही म्हटलं की तक्रार वरच्या लेव्हलला जाते, एल-वन म्हणजे खालच्या अधिकाऱ्यापासून एल-फोर म्हणजे सगळ्यात वरच्यापर्यंत, आणि खालच्या माणसाला नेमकी तीच धास्ती असते, म्हणून तर तो गोड बोलतोय. फोन कधी आला, कोण बोललं ते रजिस्टरमध्ये लिहा. तरी नाही झालं तर मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, तक्रारीचा नंबर घेऊन जा, पण एकटे नका जाऊ, ज्यांच्या गल्लीतलं काम आहे ते पाच-सहा जण तरी सोबत न्या, आणि आत बोलायचं कुणी ते बाहेरच ठरवून घ्या.