विडाल टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ नये म्हणून लॅबने काय करावं?

स्लाइडवर एकदाच केलेल्या विडालवरून (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) 'टायफॉईड पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट देणं बंद करावं. मी तालुक्याच्या गावी लॅबमध्ये काम करते आणि यावरून माझं एका डॉक्टरांशी चांगलंच वाजलंय.

ऑगस्टमध्ये माझ्या वहिनीला थंडी वाजून ताप आला. दुसऱ्याच दिवशी एका लॅबने स्लाइडवर विडाल केली. टीओ १:१६०, टीएच १:१६० (टायफॉईडच्या जंतूविरुद्धच्या दोन अँटिबॉडींचे आकडे). झालं, सलाइन लागलं, टायफॉईडचं अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू. ताप मात्र दिवसाआड हुडहुडी भरून येतच राहिला. शेवटी मीच तिच्या बोटातून रक्त घेऊन स्मिअर केला, म्हणजे काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर व्हायवॅक्स मलेरिया! क्लोरोक्विन दिल्यावर ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, 'दोन्ही असेल.'

दोन्ही कशावरून? विडाल जंतू शोधत नाही, अँटिबॉडी मोजते. अँटिबॉडी तापाच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी कुठे वाढू लागतात. दुसऱ्या दिवशी १:१६० दिसतं ते बहुधा जुन्या संसर्गाचं, कधी लसीचं. मलेरियातही विडाल पॉझिटिव्ह येते. आपल्याकडे धडधाकट माणसांतही थोडा टायटर (रक्तातल्या अँटिबॉडींच्या प्रमाणाचा आकडा) सापडतो, म्हणून आपल्या भागातला नेहमीचा टायटर ठाऊक नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

लॅबच्या हातात आहे ते असं: रिएजंट (तपासणीचं द्रावण) फ्रीजमधून काढून रूम टेंपरेचरला येऊ द्या, नीट हलवा, दोन्ही कंट्रोल (पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह ठाऊक असलेले नमुने) रोज लावा. स्लाइड किटवर दिलेल्या वेळेतच वाचा. उशीर झाला की कडा सुकतात आणि नसलेले दाणे, म्हणजे पॉझिटिव्हची खूण, दिसू लागतात. स्लाइडवर पॉझिटिव्ह आलं तर ट्यूबमध्ये करून बघा. सात ते दहा दिवसांनी दुसरा नमुना घ्या. टायटर चौपट वाढला तरच त्याला वजन. रिपोर्टवर पद्धत आणि तापाचा कितवा दिवस ते छापा.

आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी घ्या. कल्चरमध्ये टायफॉईडचा जंतू साल्मोनेला टायफी वाढला तर वादच मिटला. वहिनीचं ते कुणी घेतलंच नाही, मग 'दोन्ही असेल' म्हणायला आधार काय उरतो?

अर्थात कल्चरमध्येही बरेच टायफॉईड सुटतात, त्यामुळे ते निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉईड नाहीच असं नाही. हे वाचून कुणी चालू औषध सोडू नका. खऱ्या टायफॉईडमध्ये आतड्याला भोक पडून माणूस दगावतो. पण आमच्याकडे पावसाळ्यात ताप असेल तर विडालच्या आधी मलेरियाचा स्मिअर झालाच पाहिजे, हे मी त्या डॉक्टरांना आजही सांगेन.