स्वतःहून साफ होणारा लिटर बॉक्स घेणे परवडते का?

घरात दोन मांजरे आहेत आणि दिवसभर कोणी नसते, म्हणून मांजरांच्या शी-शूसाठी वाळू भरलेला ट्रे (लिटर बॉक्स) आपोआप साफ करणारे हे यंत्र घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. ट्रे साफ करायला वाकणे जमत नसेल तर खर्च सार्थकी लागेल. एरवी दोन-तीन साधे ट्रे पुरेसे आहेत. यंत्र केवळ शी आणि लघवीने वाळूचे झालेले गोळे चाळून खालच्या कप्प्यात टाकते, तो कप्पा रिकामा करणे आणि यंत्र धुणे आपल्यालाच करावे लागते, शिवाय त्याला सहसा बेंटोनाइटसारखी (एक प्रकारची चिकणमाती) ओली झाल्यावर गोळे धरणारी वाळूच लागते. मला अधिक खटकते ते वेगळेच: बोक्याची लघवी अडकणे जिवावर बेतू शकते, आणि ट्रेमध्ये गोळे दिसेनासे झाल्याचे रोज हाताने सफाई करणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. लहान पिल्लू असेल तर सफाईची स्वयंचलित फेरी बंदच ठेवावी, कारण वजनावर चालणाऱ्या सेन्सरला ते आत असल्याचे कळेलच असे नाही.